आई-बाबा, आधी चौकट, मग काळवीट

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही दोघं सोलापूरजवळच्या नान्नजला जाणार हे कळल्यापासून फार बरं वाटतंय. तुमची ७०-३०० मिमीची झूम लेन्स तिथे पुरेल. माळढोक पक्ष्याची आस मात्र धरू नका. त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं, पण आता तो जवळपास दिसतच नाही. काळवीट आहेत, आणि धीर शिकायला त्यांच्यासारखा गुरू नाही.

त्यांच्या मागे जायचं नाही. कळप चरत कुठे सरकतोय ते पाहून पुढची जागा धरा आणि चौकट आधीच ठरवा: ऊन कुठून येतंय, मागे विजेचा खांब येतोय का, क्षितिजाची रेघ कुठे पडेल. ही रेघ प्राण्याच्या मानेतून गेली की फोटो बिघडलाच. नर मान वर करून तुमच्याकडे रोखून पाहू लागला तर हात जिथे आहे तिथेच थांबवा. तो परत चरू लागला की मग कॅमेरा उचला. कळप उड्या मारत उधळला तर ती सकाळ गेली, आणि त्या जिवांना उगाच त्रास. गाडीतून उतरायचं की नाही, हे वनरक्षक सांगतील तसं.

सपाट माळावर उभ्याने फोटो काढला की प्राण्यामागे नुसती पिवळी जमीन येते आणि तो तिच्यात बुडतो. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला की मागचं गवत लांब जाऊन धूसर होतं. तुमचे गुडघे पाहता खाली बसू नका, गाडीच्या खिडकीतूनच काढा. आई, खिडकीवर लेन्स टेकवायला जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शीव आणि तिच्यात दोनेक किलो ज्वारी घाल. गच्च भरू नकोस, लेन्स रुतायला जागा हवी. इंजिन बंद ठेवायचं, नाहीतर थरथर फोटोत उतरते.

चरणाऱ्या काळविटाला शटर स्पीड १/५०० सेकंद, पळणाऱ्याला १/१६००, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटो, कमाल ३२००. फोकस सतत चालणारा, एकच बिंदू, तो डोळ्यावर. नराचं पोट पांढरंशुभ्र असतं, उन्हात ते जळून नुसता पांढरा डाग होतो. म्हणून एक्स्पोजर उणे ०.३ ते ०.७, म्हणजे फोटो थोडा गडद. तो ज्या दिशेला पाहतोय तिकडे जागा जास्त सोडा.

थंडीत सूर्य पावणेसात-सातला उगवतो. त्याआधी पोहोचा. नऊनंतर जमीन तापून हवा थरथरू लागते आणि लांबचा फोटो मऊ, म्हणजे अस्पष्ट येतो. तो दोष लेन्सचा नसतो, महागडी लेन्स घेऊनही जात नाही. तेव्हा कॅमेरा ठेवा आणि डबा उघडा.

हिप्परग्याच्या तलावावर निसर्गचित्र घ्याल तेव्हा तिपाई, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ ते ११, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद. नुसतं पाणी आणि आकाश घेतलं तर नजर कुठे ठरत नाही. पुढे एखादा दगड किंवा काठावरची बाभळीची फांदी घ्या.

आई, दुर्बीण तुझ्याकडे असू दे. टिटवी आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली की घरटं जवळ आहे समज आणि बाबांना मागे घे, फोटो कितीही चांगला मिळत असला तरी.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे शटर स्पीडचे आकडे माझ्यापर्यंत येतील. बिघडलेलेही पाठवा, काय चुकलं ते त्यांतूनच कळतं.

तुमची,
ताई