बाहुलीची नजर कुठे आहे ते बघ

प्रिय मित्रा,

हातात घालून खेळवायच्या बाहुल्या तयार, संहिता पाठ, आणि प्रयोग आठवड्यावर आलाय म्हणतोस. मग आता रंगकाम थांबव आणि पडद्यासमोर जमिनीवर मांडी घालून बस. पहिल्या रांगेतलं चार वर्षांचं पोर जिथून बघणार, तिथून बघ. दुसऱ्या कुणाला तरी बाहुल्या खेळवायला सांग. पडद्यामागे उभं राहून यातलं काहीच कळत नाही.

पहिली खटकेल ती नजर. हात वर गेला की मनगट मागे कलतं आणि बाहुली छताशी गप्पा मारायला लागते. कोपरापासून हात उभा सरळ ठेवायचा आणि मनगट तेवढं पुढे वाकवायचं, म्हणजे डोळे दुसऱ्या-तिसऱ्या रांगेवर येतात. दुसरी खोड बुडण्याची. खांदा भरून आला की बाहुली बोटबोट खाली उतरते. खेळवणाऱ्याला पत्ता नसतो, मुलांना मात्र ती चिखलात रुतल्यासारखी दिसते. रोज सलग 5 मिनिटं हात वर धरायचा सराव कर. शिवाय संहितेत दर 3-4 मिनिटांनी त्या बाहुलीला आत पिटाळायला काहीतरी निमित्त काढ, छत्री विसरली म्हण, काहीही.

पडद्याची वरची पट्टी सगळ्यात उंच खेळवणाऱ्याच्या डोक्याच्या चार बोटं वर हवी. बुटक्याने पायाखाली पाट घ्यावा. इतक्या उंच पट्टीला मुलं चिकटून बसली तर त्यांना नुसती हनुवटी दिसते, म्हणून पहिली रांग दोन मीटर मागे. जमिनीवर चिकटपट्टीची रेघ मार, नाहीतर पोरं सरकत सरकत पुढे येतातच. आईबाबा मागे खुर्च्यांवर. अगदी कडेला कुणालाच बसवू नकोस, तिथून तुमची डोकी दिसतात. कापड जाड, गडद, अस्तर लावलेलं. दिवे समोरून, दोन्ही बाजूंनी. मागे एक जरी दिवा राहिला तरी पडद्यावर तुमच्याच सावल्यांचा वेगळा खेळ सुरू होतो.

आतली मांडणी सांगतो, कारण खरी तारांबळ तिथेच उडते. हातमोज्याच्या बाहुल्या उलट्या टांगायच्या. प्रत्येकीच्या घेराच्या मागच्या कडेला पडद्याची कडी शिव, आणि पट्टीखाली आतल्या बाजूने हूक लाव. बाहुली डोकं खाली, घेर वर उघडा अशी लटकते. हात वरून आत सरकवला, तर्जनी मानेत, अंगठा आणि मधलं बोट बाहुलीच्या दोन हातांत, की कडी सोडून सरळ वर. एका हाताने होतं, दुसऱ्या हातातली बाहुली बोलत राहते. हूक प्रवेशाच्या क्रमाने लाव, आणि आत आलेली बाहुली तिच्याच हुकावर गेली पाहिजे. मान डुगडुगत असेल तर तर्जनी जाते ती मानेतली नळी सैल आहे, आत फोमची पट्टी चिकटव.

बोलणारीनेच हलायचं, बाकीच्यांनी तिच्याकडे बघत गप्प राहायचं. सगळ्याच हलल्या तर कोण बोलतंय ते मुलांना कळत नाही. तोंड उघडणारी बाहुली असेल तर प्रत्येक अक्षराला खालच्या जबड्यातला अंगठा खाली. वरची चार बोटं उचललीस तर डोकं मागे फेकल्यासारखं दिसतं.

माइक लावणार असशील तर स्पीकर तुमच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला. मागे राहिले की शिट्टी वाजलीच म्हणून समज.

मुलांना प्रश्न विचार, पण एका शब्दात उत्तर येईल असा. ‘कोल्हा कुठे गेला?’ ‘मागे!’ हे दोन-तीनदाच. त्यापुढे गोंगाट आवरत नाही. आवरायचाच झाला तर आवाज चढवू नकोस, बाहुलीला कुजबुजायला लाव. ऐकण्यासाठी पोरं आपसूक गप्प होतात. कोल्हा मात्र एकदम उसळून वर काढू नकोस. आधी शेपूट, मग कान, मग तोंड. पुढची दोन पोरं रडली की ती लागण सगळ्या रांगेला होते. मोठ्यांसाठीचा विनोद एका वाक्याचा ठेव, कारण आईबाबा जास्त वेळ हसले की मुलं मागे वळून त्यांच्याकडेच बघत बसतात. पाच वर्षांखालची पोरं जास्त असतील तर 25 मिनिटांत आटप, एरवी 40.

प्रयोगानंतर मुलं पडद्यामागे घुसणार हे धरून चाल. हाताळायला एक दणकट, धुता येणारी बाहुली वेगळी ठेव आणि बाकीच्या लगेच पेटीत. त्यांच्यासमोर बाहुलीतून हात तेवढा काढू नकोस.

तुझाच,
जुना दोस्त