ऑपरेशनच्या आधीचे हे आठवडे

तीर्थरूप आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ काढून दोन टोके पुन्हा जोडायची, असे सर्जनांनी सांगितल्यापासून ऑपरेशन किती मोठे याचीच चर्चा घरात चालू आहे. मला मात्र त्याआधीच्या आठवड्यांबद्दल लिहायचे आहे, कारण नंतर गुंतागुंत होईल की नाही, हे पेशंट कोणत्या अवस्थेत टेबलावर जातो यावरही पुष्कळ अवलंबून असते.

सर्वांत धास्ती असते ती जोड गळण्याची. जोडाला रक्तपुरवठा कमी पडला किंवा जखम भरून येण्याइतके पोषण शरीरात नसले, तर आतड्यातील मळ पोटात पाझरतो, जंतुसंसर्ग पसरतो आणि पुन्हा ऑपरेशन करावे लागू शकते. मलाशयाच्या अगदी खालच्या जोडाला हा धोका सर्वाधिक असतो. तुमचा जोड तिथे नाही, हे आपले नशीब. वय काही कमी करता येणार नाही, पण तंबाखू, साखर, रक्त आणि आहार या गोष्टी आपल्या हातात आहेत.

सिगारेट तुम्ही केव्हाच सोडलीत, पण पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळणारा तंबाखू-सुपारीचा खर्रा अजून खिशात असतोच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. धूम्रपान निदान चार आठवडे आधी बंद करायला सांगतात ते उगीच नव्हे, आणि खर्ऱ्यातही तेच निकोटिन आहे. तेव्हा अर्ध्या पुडीचीही सवलत नको, आजपासून पूर्ण बंद.

तुमचे हिमोग्लोबिन ९.४ आहे. उजव्या बाजूच्या गाठीतून रक्त थोडेथोडे, डोळ्यांना न दिसता जात राहते, म्हणून हा थकवा. ऐनवेळी रक्त चढवण्यापेक्षा आधीच लोहाचे इंजेक्शन देता येईल का, हे सर्जनांना अवश्य विचारा. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणीही करून घ्या. ती ८ च्या वर असेल तर फिजिशियनकडून औषधे बदलून घ्यावी लागतील. गुडघ्यांसाठी ओळखीच्यांकडून आणलेल्या पुड्यांबद्दल डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, कारण अशा पुड्यांत कधीकधी स्टेरॉईड मिसळलेले असते आणि त्याने जखम भरायला वेळ लागतो. मात्र कोणतेही औषध स्वतःच्या मनाने थांबवू नका.

आई, पोटाला हलके म्हणून तू पेज आणि वरणाचे पाणी देतेस, त्यामागची माया मला कळते. पण सहा महिन्यांत बाबांचे वजन ६२ वरून ५६ किलोवर आले आहे. त्यांना रोज सुमारे ७० ग्रॅम प्रथिने लागतील. सर्जनांना विचारून अंडी, पनीर, दही, घट्ट वरण थोडेथोडे, दिवसातून पाच-सहा वेळा दे. गुरुवारचा उपास या महिन्यात नको. बाबा, सकाळी अंबाझरीला जमेल तेवढे चाला. चालती माणसे ऑपरेशननंतर लवकर उठतात आणि न्यूमोनिया, पायात रक्ताची गुठळी यांचा धोका कमी राहतो.

मात्र पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या आणि वायूही सरेनासा झाला, तर तारखेची वाट न पाहता त्याच वेळी हॉस्पिटलला जा. आतडे तुंबल्यावर घाईने करावे लागणारे ऑपरेशन ठरवून केलेल्यापेक्षा बरेच धोक्याचे असते.

शनिवारी मी नागपूरला येते आहे. तोवर अल्ब्युमिनचा, म्हणजे पोषणाचा अंदाज देणाऱ्या रक्तातील प्रथिनाचा, रिपोर्ट आणून ठेवा, तो ३.५ च्या खाली असेल, तर तारीख ठरवण्यापूर्वी आपण तिघे सर्जनांना भेटू.

आपली लेक