पोलिसांचं वय वाढवा, पण आधी ड्युटीचे तास कायद्यात लिहा

संपादक साहेब, नमस्कार.

रिटायरमेंटचं वय 58 वरून 60 करा ही मागणी परत निघाली की आमच्या पोलीस लाईनीत घरोघरी तोच विषय असतो. माझे बाबा हवालदार आहेत, 57 पूर्ण झालेत. शेजारच्या काकांना दोन वर्षं वाढवून हवीत कारण मुलीचं लग्न बाकी आहे, लोन चालू आहे आणि रिटायर झालं की क्वार्टर सोडावी लागते, भाड्याने घर कुठून घेणार. त्यांचं काही चूक नाही. आयपीएस साहेब 60 ला रिटायर होतात, केंद्राचे कर्मचारी पण 1998 पासून 60 ला, मग हवालदार 58 ला का, हा प्रश्न बरोबरच आहे.

पण साहेब, मंत्रालयात टेबलावरची दोन वर्षं आणि बंदोबस्तातली दोन वर्षं सारखी कशी होतील? गणपतीचे दहा दिवस बाबा घरी नसतात, विसर्जनाला सकाळी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी येतो, बूट काढले की पाय सुजलेले, शुगर आहे, गुडघे गेलेत आणि संध्याकाळी परत नाकाबंदी. एप्रिल 2020 मध्ये मुंबईत कोरोनाने पोलीस गेले तेव्हा 55 च्या वरच्यांना घरीच थांबा सांगितलं होतं. म्हणजे 55 नंतर शरीर थकतं हे तेव्हा डिपार्टमेंटलाच मान्य होतं ना?

महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 चं कलम 28 बघा, पोलीस कायम कर्तव्यावर आहे असंच समजलं जातं. म्हणजे वाढवलेली दोन वर्षं पण चोवीस तासांचीच. आठ तास ड्युटी जमत नाही असं कोणी सांगू नये, 2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यात ती सुरू झाली आणि कल्पना एका शिपायाचीच होती, वरिष्ठांनी ऐकलं म्हणून झालं. पण ते आयुक्तांच्या मर्जीवर राहतं, कायद्यात कुठेच नाही.

तेलंगणाने 2021 मध्ये कायदा करून सगळ्या सरकारी कर्मचाऱ्यांचं वय 58 चं 61 केलं. आपल्याकडे हे वय 1982 च्या पेन्शन नियमांत आहे, ते नुसत्या अधिसूचनेने बदलता येतं, सभागृहात कोणी एक शब्द न बोलता. मला ते नको वाटतं. पोलिसांसाठी वेगळं विधेयक आणा, त्यात आठ तास आणि साप्ताहिक सुट्टी लिहा, 58 नंतर थांबायचं की नाही हे ज्याचं त्याला ठरवू द्या आणि जो थांबेल त्याला बंदोबस्त न देता ठाण्यातलं काम द्या, मुद्देमाल, समन्स, नवीन पोरांना तपास शिकवणं. पंचनामा कसा लिहायचा हे बाबांसारख्या माणसाकडूनच शिकावं.

आणि पोलीस भरतीसाठी पहाटे ग्राऊंड मारणाऱ्या पोरांचं पण बघा. ओपनला 28 ची अट आहे, दोन वर्षं कोणी रिटायरच झालं नाही तर तेवढ्या जागा निघणार नाहीत आणि त्यांचं वय निघून जाईल. माझा मामेभाऊ 27 चा आहे. म्हणून विधेयक आणताना भरतीची वयाची अट पण तेवढीच दोन वर्षं पुढे न्या, ही विनंती.

एका हवालदाराची मुलगी, ठाणे