कामट्या आवळण्याआधी एक्स-रे काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांना सुट्टी लागली की खानापूर, बेळगाव, निपाणी पट्ट्यात आंब्या-जांभळावरून पडून हात मोडून घेणारी मुले वाढतात. त्यातली बरीचशी आधी हाडवैद्याकडे जातात. लेप लावून, कामट्या बांधून घरी येतात आणि बोटे काळीनिळी पडली की मग दवाखाना गाठतात. त्यांच्या आईबापांना अडाणी ठरवून मोकळे होण्यात अर्थ नाही. हाडवैद्य जवळ असतो, थोडक्यात भागवतो, आपल्या भाषेत बोलतो. शिवाय गळ्याजवळचे कॉलर बोन, बरगडी किंवा लहान मुलाच्या मनगटाजवळचे नुसते दबलेले हाड बहुतेक वेळा झोळीवर, पट्टीवर किंवा काही न करताही जुळतेच. श्रेय बांधणाऱ्याला मिळते आणि तोच भरवसा कोपराच्या बाबतीत महागात पडतो.

पाच-सात वर्षांच्या मुलात दंडाचे हाड कोपराच्या अगदी वर पातळ असते. पडताना तळहात टेकला की ते तिथेच मोडते. तुटलेल्या टोकासमोरूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि मज्जातंतू जातात. सूज पहिले एक-दोन दिवस वाढत राहते. वाळून कडक झालेला लेप आणि आवळलेल्या कामट्या मात्र पसरत नाहीत. मग आत स्नायूंच्या कप्प्यात दाब चढतो, बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि साधारण सहा तासांत स्नायू मरू लागतो. मेलेला स्नायू पुढे आक्रसतो, मनगट वाकते, बोटे पंजासारखी आत वळून राहतात. फोल्कमान या जर्मन सर्जनने 1881 मध्येच याचे वर्णन करून घट्ट बांधण्याला दोष दिला होता.

ओळखायचे कसे? नाडीवर विसंबू नका, स्नायू मरत असतानाही ती लागू शकते. मुलाची बोटे हलक्या हाताने सरळ करा. तेवढ्याने ते किंचाळत असेल, औषध देऊनही दुखणे वाढतच असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. कामट्या, पट्टी, आतला कापूस, सगळे कातडी दिसेपर्यंत कापून काढा. हात छातीच्या पातळीवर ठेवा, उंच टांगू नका, आणि लगेच निघा. तरीही दाब उतरला नाही तर सर्जनला स्नायूवरचे आवरण चिरून कप्पे मोकळे करावे लागतात.

नेताना कोपर सापडले तसे, थोडे वाकलेले ठेवून फळी किंवा जाड पुठ्ठ्यावर सैल बांधा. काटकोनाच्या पुढे वाकवले तर सुजलेल्या हाताची रक्तवाहिनी दबते. वाटेत चहा-बिस्किटे देऊ नका, कारण भूल देण्याआधी पोट सहा तास रिकामे लागते. हाड सरकले असेल तर भूल देऊन ते बसवतात, दोन-तीन तारा घालतात आणि त्या तीन-चार आठवड्यांनी काढतात. त्यानंतर कोपर आखडलेले दिसते. इथे घरोघरी तेलाची वाटी बाहेर येते! कोपर चोळले, ओढून सरळ केले तर स्नायूत हाड धरते आणि सांधा कायमचा अडकू शकतो. मुलाला खेळू द्या, हात आपोआप सुटतो.

एक्स-रे एकाच बाजूने काढून पैसे वाचत नाहीत. समोरून आणि आडवा असे दोन हवेत, वरचा आणि खालचा सांधा त्यात आला पाहिजे. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर जो खळगा पडतो, तिथे दाबून दुखत असेल आणि एक्स-रे स्वच्छ असेल, तरी मुरगळा म्हणून सोडू नये. तिथले छोटे हाड मोडल्याची रेघ पहिल्या दिवशी दिसेलच असे नाही. पट्टा घालून 10 ते 14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा, नाहीतर हाड जुळत नाही आणि मनगट जन्मभर कुरकुरते.

ऊस-ट्रॉलीखाली पाय सापडून हाड बाहेर आले असेल तर जखमेवर हळद, कॉफीपूड, पाला काही नको, आणि हाड आत ढकलायचे नाही. स्वच्छ ओल्या कापडाने झाका आणि 108 ला फोन करा. अँटिबायोटिक शक्यतो तासाभरात सुरू व्हावे, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. शेतातली माती आणि शेण लागलेली जखम बोटभर असली तरी डॉक्टर ती सर्वांत वाईट प्रतीची धरतात. ती उघडून धुवावीच लागते.

म्हातारे माणूस न्हाणीत पडले, पाय आखूड झाला आणि पाऊल बाहेर वळले, तर खुब्याचे हाड गेले समजा. ‘या वयात ऑपरेशन कशाला’ हा सल्ला फार धोक्याचा आहे. अंथरुणावर पडून राहिल्यानेच पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो. दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झालेली बरी.

हाडवैद्यांना विनंती एवढीच की एक्स-रे पाहिल्याशिवाय कामटी लावू नये, मुलाच्या कोपराला हात घालू नये आणि काहीही बांधले तरी बोटांची टोके उघडी ठेवावीत. आरोग्य खात्याकडेही एक मागणी आहे. प्लॅस्टर घालून घरी पाठवताना हाती पडणारा सूचनांचा कागद बहुधा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो. रात्री बोटे सुजली तर तो वाचायला घरी आजीच असते. यात सीमाप्रश्न आणायचे कारण नाही. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला मराठीत चार ओळी छापाव्यात: बोटे हलवत राहा, नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत लाली परत येते का बघा, खाज आली म्हणून आत काडी घालू नका, दुखणे वाढले तर त्याच रात्री परत या.

आपला,
एक अस्थिरोगतज्ज्ञ, बेळगाव