जेट्टीचं बिल देण्याआधी तिच्यावर बसून बघा

प्रति,
माननीय मत्स्यव्यवसाय व जलसंपदा मंत्री

विषय : थंड पाण्याच्या जलाशयांवर ट्राउटची फ्लाय फिशिंग सर्वांसाठी खुली करण्याबाबत

महोदय,

जलाशय पर्यटनाच्या प्रस्तावात ‘सर्वांसाठी खुले’ हे शब्द हमखास असतात. प्रत्यक्षात वाहनतळाशी एक रॅम्प आणि निळी पाटी लागते, की झालं. त्यापुढे पाण्यापर्यंत दगडी पिचिंगचा, म्हणजे काठावर रचलेल्या दगडांचा, उतार असतो आणि तो उतरता येईल त्यालाच मासेमारी. हे पत्र त्या शेवटच्या वीस-तीस पावलांबद्दल आहे.

ट्राउट हा थंड पाण्यातला मासा. नदीतला ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थांबतो. खाद्य वाहत त्याच्यापाशी येतं. म्हणून माणसालाच त्याच्याकडे जावं लागतं, निसरड्या दगडांवरून, कधी कमरेएवढ्या पाण्यातून. तलावात प्रवाह नाही. तिथे मासाच खाद्य शोधत फिरतो. वारा कीटकांना ज्या काठाकडे ढकलतो तिकडे तोही येतो. त्यामुळे योग्य जागी नुसता बसून राहिलेला माणूस तोट्यात नसतो. होडीत तर सगळेच बसलेले. होडी वाऱ्याला आडवी सोडायची, वेग आवरायला मागे कापडी नांगर टाकायचा आणि पुढे लाइन, म्हणजे गळाची दोरी, टाकत राहायची. व्हीलचेअरवरचा माणूस आणि त्याचा धडधाकट सोबती तिथे एकाच उंचीवरून मासे धरतात. तलावातली ट्राउट मासेमारी जात्याच सर्वांना जमेल अशी आहे. अडचण आपण काठावर बांधून ठेवतो.

ताकदीचंही तसंच. फ्लाय म्हणजे हूकवर बांधलेली पिसं आणि दोरा. तिला वजन जवळपास नसतंच. वजन लाइनला असतं आणि ती जाते वेळ साधल्याने, दंडाच्या जोराने नाही. (जोर लावणाऱ्या तगड्या नवशिक्याची लाइन त्याच्याच टोपीवर गोळा होते, हे बघण्यासारखं असतं.) ज्यांच्या हाताला पकड नाही, त्यांना रॉड हाताला बांधायचे पट्टे मिळतात. चिलटांच्या कोषासारखी दिसणारी फ्लाय तर वाऱ्यावर नुसती सोडून दिली तरी चालते. लहान मूलही तिच्यावर मासा धरू शकतं.

आता बांधकाम. जलाशय भरलेला असताना केलेली पक्की जेट्टी उद्घाटनाच्या फोटोत छान दिसते. पाणी उतरलं की ती चिखलात उभी. तिथे तरंगता तराफाच हवा, बिजागरीच्या जोडपुलाने काठाला जोडलेला. पाणी उतरतं तसा जोडपुलाचा उतार वाढतो, म्हणून त्याची लांबी सर्वांत खालच्या पातळीला धरून ठरवावी. एकास बारापेक्षा तीव्र उतार चाकाच्या खुर्चीला जड जातो. तराफ्याच्या कडेला चाक अडवणारी पट्टी हवी, पण कठडा बसलेल्या माणसाच्या हाताआड येईल इतका उंच नको. लाइन आधी मागे फेकावी लागते, म्हणून पाठीमागची जागाही मोकळी ठेवावी. आणि विजेच्या तारांजवळ जागा देऊच नये. कार्बन फायबरच्या रॉडमधून वीज वाहते.

पुढची फळी खाली पाडून व्हीलचेअर थेट आत घेता येते, अशा सपाट तळाच्या होड्या ब्रिटनमधल्या अनेक तलावांवर आहेत. पिण्याच्या पाण्याची सबबही टिकत नाही. इंग्लंडमधल्या ब्लॅग्डनच्या पाणीपुरवठा जलाशयात १९०४ पासून ट्राउटची मासेमारी चालू आहे.

मात्र या पत्राच्या आधाराने नव्या तलावांत ट्राउट सोडू नयेत, ही विनंती. रेनबो आणि ब्राउन ट्राउट दोन्ही जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत आहेत. जिथे ते आधीच आहेत तिथेच सोय करा. पाण्याचं तापमान २० अंशांच्या वर गेलं की ऑक्सिजन कमी पडतो आणि दमून परत सोडलेला मासाही अनेकदा मरतो. त्या दिवसांत मासेमारी बंद ठेवायचे अधिकार काठावरच्या कर्मचाऱ्याला द्या. मुख्यालयातून आदेश निघेपर्यंत पाणी थांबत नाही.

एक अट निविदेतच घाला. तराफ्याचं अंतिम बिल पाणी सर्वांत खाली असताना निघावं आणि त्याआधी व्हीलचेअर वापरणाऱ्या एखाद्या मासेमाराने वाहनतळापासून तराफ्यापर्यंत कुणाचा हात न धरता जाऊन, बसून, लाइन टाकून सही करावी. त्याची सही नसेल तर अभियंत्याचीही चालू नये.

आपला,
एक हौशी मासेमार