तक्रार: टॉवर अपग्रेडनंतर ९०० मेगाहर्ट्झच्या बँडवर कॉल तुटतायत, "सिग्नल चांगला आहे" म्हणून बंद करू नका

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग आणि नेटवर्क टीम

नमस्कार,

हीच तक्रार मी आधी तुमच्या ॲपवर टाकली, मग कस्टमर केअरला फोन करून सांगितली, आणि दरवेळी थोड्या वेळाने तोच मेसेज येतो की आपल्या भागात सिग्नल चांगला आहे, तक्रार निकाली काढली आहे. म्हणून आता सगळं नीट लिहून पाठवतोय. एकच विनंती आहे, हे पत्र कॉल सेंटरला अडकू देऊ नका, रेडिओ नेटवर्क बघणाऱ्या इंजिनियरपर्यंत जाऊ द्या, कारण दुरुस्ती त्याच्याच हातात आहे.

सिग्नल चांगला आहे हे मलाही मान्य आहे. कांड्या फुल्ल असतात. माझी तक्रार सिग्नल नसल्याची नाहीच आहे, सिग्नल असून कॉल तुटतो याची आहे, आणि हा फरक तुमच्याकडे कोणी ऐकूनच घेत नाहीये.

आमच्या जवळच्या टॉवरवर तुम्ही मध्यंतरी काम केलंत. "आपल्या भागातील नेटवर्क अपग्रेड झाले आहे" असा मेसेज सगळ्यांना आला. वर ५जीचं नवीन पॅनल लागलं, एन७८ चालू झाला, ३३०० ते ३८०० मेगाहर्ट्झमधला तो बँड म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, आणि बाहेर रस्त्यावर उभं राहिलं की स्पीड खरंच जबरदस्त मिळतो, त्याबद्दल मनापासून धन्यवाद. मी गेली बरीच वर्षं आसपासच्या टॉवरांवर कुठला बँड कधी आला, किती मेगाहर्ट्झचा कॅरियर लागला, कुठल्या सेक्टरवर म्हणजे टॉवरच्या कुठल्या बाजूवर काय बदललं याची नोंद ठेवतो, आवड आहे मला त्याची, त्यामुळे या कामाची मी वाटच बघत होतो. पण त्याच कामात जुन्या ९०० च्या बँडचं काहीतरी बिघडलंय आणि ते तसंच सोडून टीम निघून गेलीये.

आता नेमकं काय होतं ते सांगतो. तुमचं ५जी इथे एनएसए आहे, म्हणजे डेटा ५जीवर गेला तरी कॉल ४जीवरच चालतो, व्होल्टीई. हॉलमध्ये खिडकीपाशी फोन १८०० वर असतो म्हणजे बँड ३ वर, तिथे आवाज एकदम स्वच्छ. बोलत बोलत आतल्या खोलीत गेलं की दोन भिंती मध्ये येतात, १८०० चा सिग्नल उणे ११५ डीबीएमच्या खाली जातो (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरात) आणि नेटवर्क फोनला ९०० वर म्हणजे बँड ८ वर ढकलतं, जे बरोबरच आहे, कारण कमी फ्रिक्वेन्सी भिंतींतून जास्त आत येते आणि तो बँड त्यासाठीच तर असतो. पूर्वी हे बदललेलं कळायचंही नाही. आता बँड ८ वर गेल्या गेल्या समोरच्याला माझा आवाज तुटक जायला लागतो, मग मला त्याचा, मग दोन्हीकडे शांतता आणि कॉल कट. स्क्रीनवर तेव्हाही कांड्या जवळजवळ पूर्ण. शेजारच्या दोन घरांत हेच, पलीकडच्या इमारतीत हेच, फोन वेगवेगळ्या कंपन्यांचे, त्यामुळे हँडसेट रीस्टार्ट करा, सिम काढून घाला, नेटवर्क सेटिंग रीसेट करा हे कृपया पुन्हा सांगू नका, ते सगळं झालंय.

मग मी टॉवरभोवती फिरून मोजलं. ज्याने मोजायचंय त्याने अँड्रॉइडवर सेलची म्हणजे टॉवरच्या एका सेक्टरवरच्या एका बँडची माहिती दाखवणारं कुठलंही साधं ॲप घ्यावं, त्यात सेल आयडी, पीसीआय (फोन सेल ओळखतो तो छोटा नंबर), ईएआरएफसीएन (फ्रिक्वेन्सीचा क्रमांक), आरएसआरपी (सिग्नलची ताकद) सगळं दिसतं. ४जीमध्ये सेल आयडीला २५६ ने भागलं की टॉवरचा नंबर मिळतो आणि बाकी उरते तो त्या टॉवरवरच्या सेलचा नंबर, हे तुमच्या इंजिनियरला मी सांगायला नको, पण तक्रार वाचणाऱ्यालाही कळावं म्हणून लिहितोय. तुमच्या या टॉवरला तीन सेक्टर आहेत. १८०० वर सेल ११, १२, १३ आणि ९०० वर २१, २२, २३. पीसीआय दोन्ही बँडवर सारखेच दिलेत, २१०, २११, २१२. आमची बाजू म्हणजे तिसरा सेक्टर, पीसीआय २१२.

तिसऱ्या सेक्टरच्या अँटेनाच्या बरोबर समोर, टॉवर सरळ दिसतो अशा जागी उभं राहून १८०० वर बघितलं तर २१२ उणे ८० च्या आसपास आणि २११ उणे १०३ च्या आसपास. वीस डीबीपेक्षा जास्त फरक, म्हणजे शेजारचा सेक्टर शंभराव्या भागाहूनही कमी ताकदीने ऐकू येतोय. असंच असायला हवं. त्याच जागी, तसूभरही न हलता, ९०० वर बघितलं तर २१२ उणे ७६ आणि २११ उणे ७८. दोन्ही जवळजवळ सारखेच! एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या मानाने सिग्नल किती स्वच्छ तो आकडा, शून्याच्या आसपास घुटमळतोय, आरएसआरक्यू म्हणजे सिग्नलचा दर्जा उणे १७. माझ्या जुन्या नोंदीत याच जागी ९०० वर एसआयएनआर १५ च्या वर असायचा. मग दुसऱ्या सेक्टरच्या समोर जाऊन बघितलं तर तिथेही हेच, ९०० वर २११ आणि २१२ दोन्ही तितकेच जोरात. पहिल्या सेक्टरच्या समोर मात्र ९०० वर फक्त २१०, स्वच्छ, काही गडबड नाही.

दोन सेक्टर, एकच बँड, आणि दोन्ही सेल दोन्ही दिशांना सारख्याच जोरात. अँटेनाची दिशा चुकली असती तर १८०० पण बिघडला असता, कारण ड्युअल बँड अँटेना एकच आहे. ९०० ची पॉवर कमी झाली असती तर आरएसआरपी पडला असता. माझ्या मते ही केबलची अर्धी अदलाबदल आहे. प्रत्येक सेक्टरला ९०० च्या रेडिओपासून, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या-पकडणाऱ्या डब्यापासून, अँटेनाकडे दोन केबल जातात, नवीन पॅनलला जागा करताना त्या काढून परत लावल्या असणार, आणि परत लावताना दुसऱ्या सेक्टरची एक आणि तिसऱ्याची एक एकमेकांच्या जागी गेली असणार. म्हणजे आमच्याकडे तोंड करून असलेली अँटेना निम्मी २१२ बोलतेय आणि निम्मी २११, एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच वेळी. एका कानात दोन माणसं एकदम बोलल्यासारखं झालंय फोनचं. आवाज भरपूर, शब्द एक कळत नाही.

आणि उलट दिशेला तर त्याहून वाईट. फोनची ताकद फार फार तर २३ डीबीएम, म्हणजे ०.२ वॅट, टॉवरच्या रेडिओच्या मानाने काहीच नाही. एवढासा आवाज पकडायला रेडिओला दोन्ही केबल लागतात, आणि त्यातली एक जर भलत्याच दिशेला कान देऊन बसली असेल तर आतल्या खोलीतून बोलणाऱ्याचं काय ऐकू येणार? म्हणूनच आधी माझा आवाज तुटतो आणि मग समोरच्याचा, हे जुळतं. पूर्वी १८०० आणि ९०० जोडून कॅरियर ॲग्रिगेशन, म्हणजे दोन्ही बँडवर एकदम डेटा, मिळायचं ते या बाजूला गायब झालंय, हेही जुळतं.

तुमच्या कंट्रोल रूमला हे का दिसत नाही तेही समजू शकतो. केबल सैल असली, पाणी शिरलं असलं तर व्हीएसडब्ल्यूआरचा म्हणजे केबलमधून सिग्नल उलटा परत येतोय असा अलार्म येतो. इथे प्रत्येक केबल घट्ट बसलेली आहे, फक्त चुकीच्या जागी, त्यामुळे अलार्म नाही. सेल सगळे चालू, पॉवर बरोबर, स्क्रीनवर सगळं हिरवं. कस्टमर केअरचा माणूस ते हिरवं बघून मला "सर, साइट ओके आहे" सांगतो आणि तो खोटं बोलत नसतो. पण म्हणूनच तर टॉवरखाली उभं राहून मोजलेलं कोणी सांगत असेल तर ते ऐकायला पाहिजे ना! ही चूक खुर्चीत बसून सापडणारी नाही, काम झाल्यावर टॉवरभोवती फोन घेऊन एक चक्कर मारली असती तर तेव्हाच सापडली असती. ती चक्कर मारल्याशिवाय "अपग्रेड झाले" असा मेसेज जातो कसा? नवीन बँड चालू झाला एवढंच बघायचं आणि जुने बँड जसे होते तसे राहिलेत का ते बघायचंच नाही, असं होत असेल तर ते पहिलं बंद करा.

मला राग आलाय तो कॉल तुटतो एवढ्यावरून नाही. काम करताना चूक होऊ शकते, वर चढून काम करणं सोपं नसतं. राग आलाय तो तक्रार न वाचता बंद करण्याचा. मी सेल नंबर दिले, पीसीआय दिले, स्क्रीनशॉट जोडले, आणि उत्तर काय तर फोन फ्लाइट मोडवर टाकून काढा. आई घरात एकटी असते, तिची खोली आतल्या बाजूला आहे, तिला काही झालं आणि तिने फोन लावला तर तो ९०० वरच लागणार आहे आणि अर्ध्यात तुटणार आहे. तिला वाय-फाय कॉलिंग लावून दिलंय पण लाइट गेली की राउटर बंद, मग परत तेच. ५जीचा स्पीड कमी करा वाटल्यास, पण साधा कॉल नीट लागू दे.

आता काय करायचं ते. टॉवरवर माणूस चढवून ९०० च्या रेडिओच्या पोर्टपासून अँटेनाच्या पोर्टपर्यंत सेक्टर २ आणि ३ ची प्रत्येक केबल हाताने माग काढत तपासा, केबलवर सेक्टरच्या रंगाची टेप असते तीवर विसंबू नका कारण नवीन केबल असेल तर टेपच चुकीची लागलेली असू शकते. बदलून झाल्यावर तो वर असतानाच खाली कोणीतरी दोन्ही सेक्टरच्या समोर जाऊन बँड ८ वर लॉक करून बघा, २११ आणि २१२ मध्ये १८०० सारखाच फरक दिसला पाहिजे. माझा अंदाज चुकीचा निघाला तरी हरकत नाही, पण मग ९०० वर ही दोन्ही सेल दोन्हीकडे सारखी का दिसतायत याचं उत्तर इंजिनियरकडून लेखी पाठवा.

आणि अजून एक, हे माझ्या एकट्यासाठी नाही. अपग्रेडच्या मेसेजमध्ये कुठल्या टॉवरवर कुठला बँड नवीन लागला, कुठला बंद केला किंवा कमी केला, काम कधीपर्यंत चालणार हे लिहीत चला. तुमच्या कव्हरेज मॅपवर नुसता ४जी, ५जीचा रंग भरलेला असतो, त्यावरून घरात कॉल लागेल की नाही हे काहीही कळत नाही. बँडनुसार मॅप दाखवा, निदान लो बँड म्हणजे ९०० सारखा कमी फ्रिक्वेन्सीचा बँड कुठे आहे तेवढा तरी. ज्याला नवीन फोन घ्यायचाय तो आपल्या भागातले बँड बघून घेईल, आणि काही बिघडलं तर आमच्यासारखे लोक तुम्हाला नेमकं सांगू तरी शकतील. आत्ता आम्ही हे सगळं स्वतःच फिरून शोधतो आणि तुमच्याच तक्रार फॉर्ममध्ये ते लिहायला जागासुद्धा नाही, "स्लो इंटरनेट" आणि "नो सिग्नल" यातलं एक निवडावं लागतं.

अपग्रेडच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी, दोन्ही बँडच्या, तिन्ही सेक्टरच्या समोरून घेतलेल्या, सोबत जोडल्या आहेत. या वेळी कृपया मला विचारल्याशिवाय तक्रार बंद करू नका. टीम येणार असेल त्याच्या आदल्या दिवशी फोन करा, मी बँड लॉक होणारा राउटर घेऊन तिसऱ्या सेक्टरच्या समोर उभा राहीन, वरच्या माणसाने केबल बदलली की काय फरक पडला ते मी तिथल्या तिथे सांगतो. फोन सकाळी केलात तर मी बाहेर असतो त्यामुळे लागेल, संध्याकाळी घरात असतो तेव्हा मेसेजच करा.

तुमचा अनेक वर्षांचा ग्राहक