फुजीपुढची धुरांडी

निशी-कासाई, टोकियो
11 जानेवारी

प्रिय मंजू,

तुझं पत्र मिळालं, सोबतची यादीही मिळाली. फुशिमी इनारी, किन्काकुजी, शिबुयाचा चौक, चुरेइतो पॅगोडा, गिऑन... आणि एवढं सगळं लिहून झाल्यावर खाली ठसक्यात एक ओळ: "मला टुरिस्टी फोटो काढायचे नाहीत हं, मला खरा जपान टिपायचाय." अगं, मग ही यादी कुणाची? बालगंधर्वच्या कलादालनात तुमच्या क्लबाचं प्रदर्शन लागणार आणि तिथे पॅगोडा न्यायची लाज वाटते, एवढं समजलं मला. पण "खरा जपान" यावर मात्र मी भांडणार आहे. शाळेपासून भांडतोय आपण, आता काय लाजायचं.

आधी पॅगोड्याची बाजू घेते. दर आषाढीला तू दिवे घाटातल्या त्याच वळणावर उभी राहून पालखीचा फोटो काढतेस. पुण्यातले निम्मे कॅमेरे त्या दिवशी त्याच कठड्यापाशी असतात. तुला तो फोटो कधी खोटा वाटला का? चुरेइतोचंही तसंच आहे. फुजियोशिदा गावातल्या टेकडीवर जवळपास चारशे पायऱ्या चढून जायचं, की पाच मजली लाल पॅगोडा, मागे फुजी आणि चेरी फुललेली असेल तर तीही एकाच चौकटीत येते. लोकांना वाटतं, हे कुठलंतरी हजार वर्षांचं देऊळ आहे. ते बांधलं 1963 साली, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणार्थ. क्योतोतल्या किन्काकुजी देवळाचा सोनेरी मंडप 1950 मध्ये एका तरुण भिक्षूने जाळला आणि आज आपण बघतो तो 1955 चा आहे. म्हणजे वयाचा निकष लावायचा तर आपल्या आया त्या पॅगोड्यापेक्षा जुन्या. जा, काढ फोटो, घरच्यांना पाठव. त्यात कमीपणा नाही. 2024 मध्ये इथे 3 कोटी 68 लाखांवर परदेशी पाहुणे येऊन गेले, त्यातल्या बहुतेकांनी तो काढलाच असेल.

माझं म्हणणं एवढंच, की त्याच ठिकाणी जरा मागे वळून बघ. फुशिमी इनारी हे क्योतोतलं डोंगरावरचं देऊळ, वर जाणारी वाट लाकडी कमानींच्या रांगेतून जाते. तिथे सगळे वर चढताना फोटो काढतात, कारण तिकडून ती रांग कोरी, नुसती शेंदरी दिसते. उतरताना बघ. प्रत्येक खांबाच्या मागच्या अंगाला काळ्या अक्षरांत नावं आहेत. कुणाची बांधकाम कंपनी, कुणाचं दुकान, आणि खाली कधी अर्पण केली ती तारीख. इनारी मुळात भातशेतीची देवता, पुढे व्यापाऱ्यांनी तिला आपलंसं केलं. कमान जितकी जाड तितकी देणगी मोठी, हे सांगायला नकोच, आपल्याकडच्या देवळांतल्या संगमरवरी पाट्या तू वाचल्या आहेसच. लाकडी कमानी पावसाने कुजतात, त्या काढून नव्या बसवाव्या लागतात. तू गेलीस आणि तिथे कुणी कारागीर डब्यात ब्रश बुडवत बसलेला दिसला, तर माझ्या मते तुझा दिवस सार्थकी लागला. त्या डोंगराला दार नाही आणि तिकीटही नाही, रात्री-अपरात्री केव्हाही जाता येतं. सकाळी सहाला जा. त्या वेळी आसपासच्या वस्तीतले म्हातारेकोतारे रोजच्या नेमाने चढत असतात. देऊळ तेच, पायऱ्या त्याच, पण त्यांचा तो रोजचा रस्ता आहे.

गिऑनबद्दल, म्हणजे क्योतोतल्या गेशांच्या त्या जुन्या वस्तीबद्दल, मात्र मी कडक बोलणार. तू लिहिलंयस, "एखादी गेशा रस्त्यात गाठून कँडिड घ्यायचाय." नको. संध्याकाळी साडेपाच-सहाला तिथल्या हानामिकोजी रस्त्यावर भराभर चालत जाणारी ती मुलगी बहुतेक वेळा माइको असते, म्हणजे अजून शिकणारी, सतरा-अठरा वर्षांची. ती कामावर चाललेली असते आणि तिला ठरल्या वेळी पोचायचं असतं. वीस माणसं मोबाइल पुढे करून तिच्या अंगावर धावतात, बाहीला हात लावतात. तिथल्या रहिवाशांनी 2019 मध्ये खाजगी गल्ल्यांतून पाट्या लावल्या, की परवानगीशिवाय फोटो काढाल तर 10,000 येन. तेवढ्याने भागलं नाही, म्हणून 2024 पासून त्या गल्ल्यांत पाहुण्यांनी शिरायचंच नाही असं केलं. मुख्य रस्ता सार्वजनिक आहे, तिथे अडवत नाहीत. पण तुला कुणी ऑफिसला जाताना असं गाठलं तर तू काय करशील, ते मला चांगलं माहीत आहे.

आता तुझा तो "रोजचा जपान". मला जे सांगायचंय ते हेच, की रोजचं आणि प्रेक्षणीय अशी सरळ रेघ इथे मारता येत नाही. कावागुचीको गावातलं लॉसन घे. चोवीस तास उघडं असणारं साधं दुकान, भाताचे त्रिकोणी गोळे आणि गरम कॉफी विकणारं. तसली दुकानं इथे नाक्यानाक्यावर आहेत. पण या एकाच्या छपरावर फुजी टेकल्यासारखा दिसतो, आणि कुणालातरी वाटलं, हा बघा खरा जपान, निळी पाटी आणि मागे पवित्र डोंगर. झालं. समोरच्या दातांच्या दवाखान्याच्या आवारात गर्दी, रस्ता हवा तसा ओलांडणं, कचरा. शेवटी 2024 च्या मे महिन्यात गावाने समोरच्या फुटपाथवर अडीच मीटर उंच, वीस मीटर लांब काळी जाळी टांगली. लोकांनी तिला भोकं पाडून त्यातून फोटो काढले! ऑगस्टमध्ये वादळ येणार म्हणून ती उतरवली, ती पुन्हा लावली नाही. कामाकुराजवळचं ते समुद्राकाठचं रेल्वे फाटकही असंच. एका गाजलेल्या ॲनिमेत ते दिसलं, आणि आता हिरवी छोटी गाडी यायची वेळ झाली की रस्त्यावर फोटोवाले उभे. शेजारच्या शाळेतल्या पोरांना फाटक ओलांडायचं असतं ती यांच्यातून वाट काढत जातात.

म्हणून कुणी मला "आम्ही टुरिस्ट नाही, आम्ही जीवन टिपतो" म्हणालं की मी जरा सावध होते. पावसातल्या रात्री उजळलेलं पेयांचं मशीन, गल्लीच्या तोंडाशी पाठमोरा म्हातारा, पारदर्शक छत्रीवाली मुलगी. हेही आता पोस्टकार्डच झालंय, फक्त विकत मिळत नाही एवढंच.

आणि माणसांचा प्रश्न आहे. इथे विकत घेतलेल्या माझ्या मोबाइलला शटरचा आवाज बंद करायची सोयच नाही. चोरून, नको तिथले फोटो काढणारे लोक होते, त्यातून ही पद्धत आली, आणि 2023 च्या जुलैपासून तर अशा चित्रीकरणाविरुद्ध देशभर लागू असलेला स्वतंत्र कायदाच आहे. साध्या रस्त्यावरच्या फोटोला कायद्याने बंदी नाही. पण संमतीवाचून आपला चेहरा टिपला जाऊ नये, हा माणसाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये मान्य केला. तोही क्योतोतल्याच एका मोर्चावरून, पोलिसांनी काढलेल्या फोटोच्या प्रकरणात. लोक याबाबत फार हळवे आहेत. टीव्हीवर रस्त्यातल्या माणसांचे चेहरे पुसट करून दाखवतात. लेकीच्या शाळेच्या क्रीडादिनाला सगळे बाप हे एवढाले लेन्स घेऊन येतात, ज्यांच्या मुलांची शर्यत त्यांना पुढे बसायला जागा आणि शर्यत झाली की उठायचं. पण दुसऱ्याच्या मुलाचा चेहरा असलेला फोटो कुठेही टाकायचा नाही, असं शाळा दरवर्षी बजावते. फोटोचं वेड आणि फोटोचा संकोच एकाच मैदानावर बघायचा असेल तर तो दिवस बघ.

आम्हीही लेन्सच्या पलीकडे उभ्या राहिलोय बरं का. निशी-कासाईत आता भारतीय इतके आहेत, की इथल्या दिवाळीच्या मेळाव्याला जपानी हौशी फोटोग्राफर मुद्दाम येतात. तेव्हा मी नऊवारीत असते, म्हणजे त्यांच्या दृष्टीने मीच प्रेक्षणीय स्थळ. काही जण लांबून झूम लावतात, ते लगेच कळतं आणि अंग चोरलं जातं. एक वयस्क गृहस्थ मात्र जवळ आले, वाकून विचारलं, दोनच फोटो काढले, आणि पुढच्या दिवाळीला त्याची छापील प्रत घेऊन हजर. तो फोटो फ्रिजवर लावलाय. मला विचारशील तर सगळ्या तंत्रात मला हे एवढंच पटलेलं आहे.

चेहऱ्यांवाचूनही खूप काही मिळतं. आमच्याच इमारतीभोवती फीर. कचऱ्याच्या दिवशी पिशव्यांवर कावळ्यांपासून वाचवायला पसरलेली जाळी, आणि तिच्या कडेला बसून वाट बघणारे ते कावळे. ऊन पडलं की प्रत्येक गॅलरीच्या कठड्यावर मोठ्या चिमट्यांनी अडकवलेल्या गाद्या. पुढे एक आणि मागे एक अशा दोन बाळखुर्च्या लावलेल्या आयांच्या सायकली, ओळीने शंभर. नदीच्या बांधावर थंडीतल्या स्वच्छ सकाळी चक्क फुजी दिसतो, आणि त्याच्याकडे न बघता कुत्र्यांना फिरवणारे लोक. हे सगळं पाहायला तिकीट नाही, पण वेळ लागतो. तू दहा दिवसांत सात शहरं आखली आहेस, त्यात गाद्या कधी वाळणार?

इथे मला केन दोमोन आठवतात. 1909 चा जन्म, जपानी फोटोग्राफीतलं फार मोठं नाव. 1950 च्या दशकात ते आमच्या शेजारच्याच कोतो वॉर्डाच्या गल्ल्यांत हिंडून पोरांचे खेळ टिपत होते. मांडून, पोझ देऊन काढलेल्या फोटोंचा त्यांना तिटकारा. आणि हाच माणूस आयुष्यभर जुनी देवळं आणि बुद्धमूर्तीही टिपत राहिला, नुसता मूर्तीचा हात, पावलाचा तुकडा, लाकडाच्या रेषा. पक्षाघातानंतर चाकाच्या खुर्चीतून. गल्लीतला पोर आणि हजार वर्षांची मूर्ती यांत त्यांना निवड करावी लागली नाही. दोन्हीकडे सारखेच खेटून, सारखेच हट्टाने उभे राहिले. तुझ्या यादीत अडचण जागांची नाहीच आहे मंजू, प्रत्येक जागेपुढे तू लिहिलेल्या "45 मिनिटं"ची आहे.

क्योतोला जाताना शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, उजवीकडची, ई क्रमांकाची खिडकी घे. टोकियो सोडल्यावर पाऊण तासाच्या आसपास फुजी येतो, आणि त्याच्या अगदी पुढ्यात फुजी शहरातल्या कागद गिरण्यांची धुरांडी, विजेच्या तारा, पत्र्याची छपरं. डब्यातले सगळे ती धुरांडी जायची वाट बघतात. तू बघू नकोस, त्यांच्यासकट काढ. होकुसाई या चित्रकाराने 1830 च्या दशकात फुजीची चित्रमालिका केली, त्यातल्या एका चित्रात पिंप करणारा कारागीर प्रचंड बिनबुडाच्या पिंपात वाकून काम करतोय, आणि त्या गोलातून फुजी नखाएवढा दिसतो. त्याने पिंप बाजूला सरकवलं नाही.

आता कामाचं. सात दिवसांचा रेल्वे पास घेऊ नकोस, 2023 च्या ऑक्टोबरमध्येच तो 50,000 येन झाला आणि टोकियो-क्योतो येण्याजाण्याला साधारण 28,000 लागतात. हिरोशिमा आणि कानाझावा यादीतून काढ, ते दिवस क्योतोत आणि माझ्याकडे वाटून टाक. ट्रायपॉड आणू नकोस, बऱ्याच देवळांत चालत नाही आणि इथल्या फुटपाथवर तो उघडलास तर मीच ओळख दाखवणार नाही. चेरी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात धर, पण दोन-चार दिवस मागेपुढे होतात, म्हणून परतीचं तिकीट बदलता येईल असं काढ. क्योतोतल्या खोल्या त्या आठवड्यात भराभर जातात, तेव्हा तारखा मला या महिन्यातच कळव. आणि छोटा प्रिंटर आहे ना तुझ्याकडे, तो मोबाइलवरून फोटो छापणारा? तो आण, कागद भरपूर घे. आमच्या खालच्या मजल्यावर टोफू विकणाऱ्या आजी आहेत, त्यांना मी तुझ्याबद्दल सांगून ठेवलंय. "आधी केस करून येते," म्हणाल्या.

तुझी,
शमा